डाव्या हाताचा कौल

नरहरीच्या बोटांवर पहिली छडी बसली ती बेसूर वाजवल्याबद्दल नव्हे, सुरात वाजवल्याबद्दल. वय अवघं दहा. मिशनच्या शाळेत नाताळच्या गाण्यांची तालीम चालली होती. व्हायोलिनवरची बाकीची पाच मुलं हळूहळू खाली घसरत गेली होती आणि त्यांच्या मागोमाग गाणाऱ्या मुलीही. एकटा नरहरी मूळ सुरावर पाय रोवून उभा राहिला, त्यामुळे सगळ्यांचं घसरणं चारचौघांत उघडं पडलं. आलेशू मास्तरांनी छडी उचलली आणि त्याच्या डाव्या हाताच्या चारही बोटांवर आडवी ओढली.

“एक बरोबर आणि पाच चूक म्हणजे सहा चूक,” ते म्हणाले. “बँडमध्ये माणसानं आधी शेजाऱ्याला ऐकायचं असतं रे बाबा.”

शाळा सुटल्यावर त्यांनी त्याला थांबवून घेतलं, सुजलेल्या बोटांना खोबरेल लावलं आणि स्वतःचं व्हायोलिन काढलं. मास्तर गोव्याचे. तरुणपणी मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जॅझ वाजवलेला माणूस. हॉटेलांतले बँड बंद पडत गेले तसे ते सरकत सरकत बोईसरला येऊन टेकले होते. त्या संध्याकाळी त्यांनी नाताळचंच गाणं एकदा सरळ वाजवलं, मग ते असं काही वाकवलं, मोडलं, लांबवलं की पोराचा जबडाच खाली आला. पहिल्यांदा लोकांना घर दाखवायचं, मास्तर सांगत, मग दारं-खिडक्या काढून टाकायच्या, भिंती हलवायच्या, पण शेवटी ज्याला त्याला आपल्या उंबऱ्याशी आणून सोडायचं. जो आणून सोडत नाही तो वाजवणारा नव्हे, दरोडेखोर.

पुढची सहा वर्षं नरहरी त्यांच्याकडे शिकला आणि मार खात शिकला. मास्तरांचा हात सढळ होता. पण त्यांच्या मारामागे कारण असे. घरच्या माराला कारण लागत नसे.

घर म्हणजे खैरापाड्यातल्या चाळीतली एक खोली. बाप रामकिसन गिराम जिंतूरकडून आलेला. तारापूरच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात वीस वर्षं राबून त्याचे हात कोपरापर्यंत कायमचे पिवळे झाले होते. बोईसरात त्याला नावानं कोणी ओळखत नसे, हळद्या म्हणत. कारखान्यात ठेकेदारानं आईवरून शिवी दिली की तो ती मुकाट्यानं गिळून घरी आणी आणि घरी आल्यावर कमरेचा पट्टा काढी. पट्ट्याचं बकल पितळी होतं. नरहरीच्या उजव्या भुवईवर अजून त्याची खूण आहे.

पोरगं सोळा वर्षांचं झालं, दहावीला जेमतेम पास झालं आणि आलेशू मास्तर आजारी पडून गोव्याला निघाले. जाताना त्यांनी आपलं व्हायोलिन नरहरीच्या हाती दिलं. त्या दिवशी रामकिसननं व्हायोलिनचा गज हिसकावून घेतला आणि पोराच्या पाठीवर मारून मारून त्याचे तीन तुकडे केले. मग तो व्हायोलिन शोधायला लागला. नरहरीच्या आईनं, रखमाबाईनं, ते तोवर ज्वारीच्या कोठीत घातलं होतं आणि कोठीच्या झाकणावर ती स्वतः बसली होती.

“ऊठ,” रामकिसन म्हणाला.

“नाही उठत. तुम्हाला काय करायचं ते करा.”

त्यानं केलं. शेजारची माणसं दारात जमली, कोणी आत आलं नाही. रखमाबाईच्या डाव्या कानातून रक्त आलं, तरी ती कोठीवरून उठली नाही. शेवटी रामकिसनच दमून भिंतीला टेकला आणि खोकत राहिला. त्या कानानं तिला पुढं कधी नीट ऐकू आलं नाही. पोरगं वाजवायला बसलं की ती उजवा कान त्याच्याकडे करून बसे.

त्या खोकल्यानंच तीन वर्षांत रामकिसनला नेलं आणि नरहरी त्याच कारखान्यात हेल्पर म्हणून लागला. बापाच्या जागी पोराला घेणं ही तिथली रीतच होती.

मुंबईच्या हॉटेलात वाजवायला तो लागला तोही एका हाणामारीतून. मनोरच्या हायवेवर एका हॉटेलात शनिवारी ऑर्केस्ट्रा असे. तिथं राजनंदिनी नावाची, तिशीतली, जाड आवाजाची बाई गायची. तिचा व्हायोलिनवाला पळून गेला म्हणून कोणीतरी नरहरीला नेलं. तिसऱ्याच शनिवारी दोन रेतीवाल्यांची एका गाण्यावरून जुंपली. एक म्हणे माझं आधी, दुसरा म्हणे माझं. पहिल्यानं बाटली फोडली आणि तिची अर्धी काच दुसऱ्याच्या गालात रुतवली. मग खुर्च्या उडाल्या. ढोलकीवाल्याच्या डोक्यात एक बसली आणि तो आपल्या ढोलकीवरच पालथा झाला. लोक दाराकडे धावले. नरहरीला काय सुचलं कोण जाणे, तो वाजवतच राहिला. पण जे गाणं चाललं होतं ते नव्हे. मास्तरांनी शिकवलेलं एक संथ जॅझ त्यानं धरलं आणि खुर्चीच्या प्रत्येक आपटण्याला त्यात जागा देत गेला. राजनंदिनी टेबलाखाली होती, ती तिथूनच ऐकत होती.

पोलीस येऊन गेल्यावर ती त्याला म्हणाली, “तू वेडा आहेस की बहिरा?”

“हात थांबेनात, ताई.”

“मग असले हात इथं कशाला सडवतोस?”

वर्षभरात राजनंदिनीनं मनोर सोडलं, मुंबईत चार माणसांचा जॅझचा बँड उभा केला आणि शनिवार-रविवारी नरहरी त्यात वाजवू लागला. आठवड्याचे पाच दिवस कारखाना, दोन दिवस बँड. कारखान्यातल्या रंगानं त्याची बोटं कधी निळी, कधी जांभळी असत. हॉटेलातल्या बायकांना ती फॅशन वाटे. एकीनं तर रंग कुठल्या पार्लरमध्ये लावलास म्हणून विचारलं. नरहरीनं पत्ता दिला, प्लॉट नंबरसकट.

कारखान्यात मात्र त्याचं नाव झालं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. रसायनाच्या पाइपलाईनी आतून चोंदतात. कुठे चोंदल्यात हे वरून दिसत नाही. तेव्हा जुने ऑपरेटर पान्ह्यानं पाइप ठोकतात आणि आवाजावरून सांगतात. मोकळा पाइप खणखणतो, भरलेला बद्द वाजतो. नरहरी उजव्या हातानं ठोके आणि डाव्या हाताची बोटं पाइपवर, तारांवर ठेवावीत तशी हलकेच ठेवी. आवाज कानात यायच्या आधी तो त्याच्या बोटांत येई. कुठल्या जोडाच्या पुढे किती बोटं थर बसलाय इथवर तो सांगे आणि पाइप उघडला की तेवढाच निघे. शेजारच्या कारखान्यांतूनही त्याला बोलावणी येत. देवळात देवाला कौल लावतात तसा हा कौल. एकदा नरहरीनं लाईन मोकळी म्हटली की मोकळी. पाइपांतला दाब दाखवणारे मापाचे काटे बंद पडून होते ते दुरुस्त करायची मग कोणाला घाई राहिली नाही.

त्याच्या पाळीवरचा ऑपरेटर मनीष. मासवणचा, नरहरीहून दोन वर्षांनी लहान. घरची पावसावरची थोडी भातशेती, ती थोरला भाऊ जिवल्या बघायचा. मनीष आयटीआय करून इकडे आला होता, बायको किंजलला घेऊन नरहरीच्याच चाळीत, दोन दारं सोडून राहायचा. ठोकायची वेळ आली की तो ओरडे, “बोलवा रं आमच्या भगताला, कोंबडं मी कापतो.” नरहरीच्या वाजवण्याला तो मांजरीची आंघोळ म्हणायचा. पण एका रविवारी तो किंजलला घेऊन मुंबईला गेला, हॉटेलच्या दारवानानं आत सोडलं नाही, तर दोघं स्वयंपाकघराच्या मागच्या बोळात उभं राहून दोन तास ऐकत राहिली. येताना मनीष एवढंच म्हणाला, “समजलं काय बी नाय. पण तू त्यातनं घरी कसा येतो, ते मात्र बघन्यासारखं हाय.” मास्तरांचं बोलणं नरहरीनं त्याला कधी सांगितलेलं नव्हतं.

नरहरी एकोणतीस वर्षांचा असताना राजनंदिनीनं मस्कतच्या हॉटेलाचा सहा महिन्यांचा करार आणला. पुढे काम आवडलं तर दोन वर्षं. कारखान्याला कायमचा रामराम. डिसेंबरात निघायचं होतं. पासपोर्टसाठी पोलीस येऊन चाळीत विचारपूस करून गेले, मनीषनंच पुढे होऊन जबाब दिला. मस्कतची तयारी म्हणून नोव्हेंबरात बँडच्या तालमी जोरात सुरू झाल्या. नवा ड्रमवाला नरहरीच्या डाव्या बाजूला बसे आणि झांजेवर असा तुटून पडे की तालीम संपल्यावर नरहरीच्या कानात तासन् तास शिट्टी वाजत राही. एका सोमवारी ती थांबलीच नाही. मंगळवारी सकाळच्या पाळीला तो गेला तेव्हाही ती चालू होती आणि बोटांची टोकं तारा दाबून दाबून बधिर झाली होती.

हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. सगळं इथं फिरलं. एक शब्द, ‘आज मला ऐकू येत नाही, आज पाइप उघडून बघ’, एवढा बोलला असता तर अर्ध्या तासाचं काम वाढलं असतं आणि मनीषनं आठवडाभर टिंगल केली असती. पण दहा वर्षांत नरहरीनं ‘ठाऊक नाही’ असा कौल कधी दिला नव्हता.

दहाला दहा कमी असतील. तीन नंबरच्या रिॲक्टरमध्ये ॲसिड सोडायचं होतं. आतली वाफ बाहेर टाकणारा वरचा पाइप मोकळा असल्याशिवाय ॲसिड सोडायचं नसतं, हे तिथल्या झाडूवाल्यालाही माहीत. लाईन मोकळी आहे का, मनीषनं विचारलं. नरहरी जिन्यावर चढला, पान्हा मारला, बोटं ठेवली. कानात शिट्टी. त्यानं पुन्हा मारला. काहीतरी खणकल्यासारखं वाटलं. पाइप खणकला की झांज, हे त्याला त्या क्षणी नीट कळलं नाही, आणि कळलं नाही हेही त्याला कळलं होतं.

“मोकळी हाय ना रं?” मनीषनं विचारलं.

“मोकळी आहे. सोड.”

मनीषनं अंगठा दाखवला आणि झडपेकडे वळला. नरहरी खाली उतरून आवारापलीकडच्या नळावर हात धुवायला गेला. साबण हाताला लावला असेल-नसेल, आतून एक लांब, चढत जाणारी शीळ आली. ती कानातली नव्हती. तो वळला आणि त्याच वेळी शेडचं छप्पर उठलं.

पत्रे पत्त्यांसारखे वर गेले. हवेचा गठ्ठा छातीवर बसून नरहरी नळाच्या तोटीसकट मागे फेकला गेला. वरून पत्रे, विटा, जळते प्लास्टिकचे गोळे पडत राहिले. पिवळा धूर जमिनीला धरून सरपटत आला. त्या धुरातून एक माणूस चालत बाहेर आला, त्याच्या अंगावर कपडे नव्हते आणि हातांची कातडी मोज्यांसारखी बोटांपाशी लोंबत होती. तो नरहरीला ओलांडून गेला, नळापाशी बसला आणि तोटी नसलेल्या पाइपाखाली ओंजळ धरून तसाच राहिला. तो कोण होता हे कळायला दुसरा दिवस उजाडला. नरहरी तोंडाला ओला गमछा बांधून आत गेला. तीन नंबरचा रिॲक्टर बाजूनं फणसासारखा फाटला होता. मनीष झडपेपासून चाळीस फुटांवर, भिंतीच्या तळाशी होता. तो त्याच्या बुटांवरून ओळखू आला. बूट किंजलनं दसऱ्याला घेऊन दिले होते.

पाच माणसं गेली. दुपारी मेलेल्यांच्या नातेवाइकांनी मॅनेजरला गाडीतून ओढून काढलं आणि कारखान्याच्या फाटकाशी लाथांनी तुडवलं, पोलिसांनी लाठ्या चालवून त्याला सोडवलं. संध्याकाळपर्यंत फाटकापाशी नुसत्या चपला उरल्या होत्या.

पंधरा दिवसांनी कारखान्याचा अहवाल आला. वाफेचा पाइप चोंदलेला होता आणि ऑपरेटर मनीष याने तो न तपासता ॲसिड सोडले, असं त्यात होतं. मेलेला माणूस उत्तर देत नाही. बंद पडलेल्या काट्यांचा त्यात उल्लेख नव्हता. नरहरीचाही नव्हता, कारण पाइप ठोकून बघणं हे कुठल्याच नियमात नव्हतं, आणि तो मोकळी म्हणाला ते ऐकणारे सगळे मेले होते.

अहवालातलं बोलणं चाळीत यायला एक दिवस लागला. उरलेल्या चार मेलेल्यांपैकी तिघं त्याच वस्तीतले. रविवारी सकाळी आठ-दहा बायका आणि पाच-सहा पुरुष मनीषच्या दाराशी आले. दार लाथेनं उघडलं. किंजलला केसांना धरून बाहेर ओढलं, एकीनं तिच्या मंगळसूत्र नसलेल्या गळ्यावरून नखं ओढली, तुझ्या नवऱ्यानं माझा खाल्ला म्हणत दुसरीनं पायातली चप्पल काढली. भांडी, गॅस, मनीषचा फोटो, सगळं गॅलरीतून खाली गेलं. एका पुरुषानं तिच्या पोटात लाथ मारली तेव्हा ती दुमडली आणि मग ओरडायचीही थांबली.

नरहरी दोन दारांपलीकडे उंबऱ्यात उभा होता. रखमाबाईच त्याला ढकलून पुढे गेली, साठीची ती म्हातारी त्या गर्दीत घुसली आणि किंजलच्या अंगावर पालथी पडली. तिला चार-सहा बसल्या तेव्हा माणसं वरमली. म्हातारीला कसं मारायचं म्हणून पांगली.

संध्याकाळी जिवल्या आला आणि भावजयीला मासवणला घेऊन गेला. किंजल रिक्षात बसताना नरहरीकडे बघून म्हणाली, “तुमी तर तिथं होते. त्यानं तपासलं नसल असं वाटतं तुमाला?”

नरहरीनं तिचं बोचकं उचलून रिक्षात ठेवलं. रखमाबाईनं हे उजव्या कानानं ऐकलं.

घरात आल्यावर तिनं पीठ मळलं. भाकरी थापता थापता म्हणाली, “तुझा बाप मारायचा. पण मारलं नाही असं कधी म्हणला नाही.”

त्यानं तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, तव्यावरची भाकरी जळाली.

मग त्यानं राजनंदिनीला फोन केला. ती व्यवहारी बाई. एवढ्यात तोंड उघडलंस तर केस होईल, केस झाली तर पासपोर्ट अडकेल, पासपोर्ट अडकला तर मस्कत गेलं, आणि मस्कत गेलं तर तू पुन्हा त्याच पाइपांत, असं तिनं त्याला बोटं मोजून दाखवावं तसं सांगितलं. सहा महिन्यांनी ये आणि मग बोल, तोवर कोणाचं काय जाणार आहे? शेवटी म्हणाली, “मेलेल्याला पासपोर्ट लागत नाही, नरू. तुला लागतो.”

निघायला अकरा दिवस होते. त्यातले तीन दिवस नरहरीनं वाजवायचा प्रयत्न केला. गाणं सुरू होई, मोडे, पसरे, आणि परत यायची वेळ आली की त्याला वाटच सापडत नसे. चौथ्या दिवशी सकाळी तो मासवणला गेला.

जिवल्याचं घर सूर्या नदीपासून थोडं वर. कुडाची भिंत, पुढं दगडी ओटा. किंजल ओट्यावर पाट्यावर मिरची वाटत होती. जिवल्या कोयत्याला धार लावत होता. बघितल्यावर त्यानं बस म्हटलं, पाणी दिलं. कारखान्यातलं मनीषचं सामान आणलं असेल असं त्याला वाटलं.

नरहरीनं पाणी प्यायलं नाही. आधी प्यालो तर ह्यांच्याच घरचं पाणी पिऊन वर हे सांगितल्यासारखं होईल असं त्याला वाटलं. त्यानं सरळ सांगितलं. मनीषनं विचारलं होतं. मी ठोकून बघितलं. मला नीट ऐकू येत नव्हतं. तरी मी मोकळी म्हणालो. माझ्यावर विसंबून त्यानं सोडलं.

वरवंटा थांबला. किंजल उठली नाही. जिवल्यानं कोयता खाली ठेवला, अगदी सावकाश, धार वर करून.

“ऐकू येत नव्हतं तं बोलला कशाला?”

“सवय होती. बरोबर यायची.”

“आनि ते बायांनी हिला लाथा घातल्या, तवा?”

“उभा होतो.”

जिवल्यानं त्याच्या कानाखाली मारली. नरहरी ओट्यावरून खाली पडला, उठला, पुन्हा येऊन बसला. जिवल्यानं पुन्हा मारली. ओठ फाटला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा जिवल्यानं हात उगारला नाही. त्याचा श्वास बैलासारखा चालला होता.

“कुठल्या हातानं ठोकलास?”

आता खरं म्हणजे उत्तर सोपं होतं. पान्हा उजव्या हातात होता. उजवा हात मोडला असता तरी गज धरण्यापुरता तो कधीतरी जुळला असता. वाजवणाऱ्याचा जीव डाव्या हाताच्या बोटांत असतो, हे मासवणात कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. नरहरीला हे सगळं एका क्षणात दिसलं. त्यानं दोन्ही हात मांडीवरून उचलले.

“पान्हा उजव्यात होता,” तो म्हणाला. “पण कौल दिला तो ह्यानं.” आणि डावा हात त्यानं पाट्याच्या कडेवर, मिरचीच्या गोळ्याशेजारी ठेवला.

जिवल्यानं किंजलच्या हातातून वरवंटा घेतला. किंजल नको म्हणाली नाही. तो दोनदा खाली आला. पहिल्यांदा तीन बोटं गेली, दुसऱ्यांदा हाताचा पंजा. हाडं मोडल्याचा आवाज नरहरीनं ऐकला, सुक्या काटक्यांसारखा, बारीक आणि अगदी स्पष्ट. कानातली शिट्टी त्या आधीच कधीतरी थांबलेली होती. मिरची जखमेत गेली तेव्हा तो पहिल्यांदा ओरडला.

मग जिवल्यानंच त्याला फटफटीवर मागे घातलं, पडू नये म्हणून स्वतःच्या कमरेला फडक्यानं बांधलं आणि मनोरच्या दवाखान्यात नेऊन दारात उतरवलं.

मस्कतला दुसराच व्हायोलिनवाला गेला. राजनंदिनीनं फोनवर शिव्या घातल्या आणि फोन ठेवताना ती रडत होती.

सरकारी चौकशी जानेवारीत पालघरला झाली. नरहरी गळ्यात हात बांधून गेला. मागच्या बाकावर जिवल्या आणि किंजल बसले होते. त्यानं सकाळी दहाला दहा कमीपासून एकेक गोष्ट सांगितली. मापाचे काटे सात महिने बंद होते हेही सांगितलं. साहेबांनी लिहून घेतलं. हाताला काय झालं, कारखान्यातच लागलं का, असं त्यांनी विचारलं, कारण तसं असेल तर जखमींच्या यादीत नाव घालायला हवं होतं.

“नाही. नंतरचं आहे,” नरहरी म्हणाला. “पाट्यावर पडलो.”

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं आणि पान उलटलं. जिवल्या खाली मान घालून स्वतःच्या तळव्यांकडे बघत होता.

बाहेर पायऱ्यांवर किंजलनं त्याला गाठलं. मासवणला गेल्यापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. ती त्याच्या हाताकडे बघत नव्हती.

“काय लिवलं त्यांनी?”

“पाइप मी तपासला, माझं चुकलं, मनीषची चूक नाही. असं.”

“त्यानं इचारलं, ते लिवलं?”

नरहरी आठवत राहिला. साहेबांनी ‘सहकाऱ्याने तपासले’ असं लिहिलं होतं. मनीषनं विचारलं होतं, पहिल्यांदा ठोकायच्या आधी आणि दुसऱ्यांदा झडपेला हात लावायच्या आधी, हे त्यात आलं नव्हतं.

“नाही लिहिलं.”

“मंग जा वर,” किंजल म्हणाली. “तो न इचारता काय करायचा नाय. दोनदा इचारायचा. तेवढं लिवून घे.”

साहेब जेवायला उठत होते. नरहरी दारात उभा राहिला आणि म्हणाला की एक वाक्य राहिलं आहे. ते वैतागले, बसले, कागद पुन्हा काढला. वाक्य लिहून झाल्यावर त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. नरहरीनं ‘दोनदा’ हा शब्द घालायला सांगितला. तो घातला गेला. मग त्यानं उजव्या हातानं, कागद कोपरानं दाबून धरत, खाली सही केली. तो खाली आला तेव्हा किंजल आणि जिवल्या पायऱ्यांवरच उभे होते. त्यानं मान हलवली. किंजलनं पदर डोक्यावर घेतला आणि ती एस. टी. स्टँडच्या दिशेनं चालू लागली, जिवल्या तिच्या मागे.